खोली नंबर सतरा, मुक्काम पोस्ट हर्णै

दारूखान्यात दारू मिळत नाही, हे तात्या प्रत्येक नव्या माणसाला ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत सांगतात. ती तोफेची दारू. कोठार गेलं, नाव राहिलं, आणि आता तिथे जहाजांची हाडं विकतात. भंगारात निघालेल्या बोटीतून जे म्हणून सुटं होऊ शकतं ते सगळं गाळ्यांपुढे मांडलेलं असतं : पितळी दिवे, नांगर, दोरखंड, स्टीलची बेसिनं, कुठल्या कुठल्या देशांच्या खलाशांच्या गाद्या, आणि एखाद्या दिवशी अख्खा जिना. २०१४ साली जुनी ‘विक्रांत’ युद्धनौका तोडायला इथेच आणली. तेव्हापासून रे रोडच्या घराघरात ‘विक्रांत’चं काहीतरी आहे. कुणाकडे बिजागरी, कुणाकडे नट. सगळं गोळा केलं तर तीन ‘विक्रांत’ उभ्या राहतील आणि वर एखादी होडी शिल्लक उरेल.

रे रोडला माणसं दोन प्रकारची. एक, स्टेशनावरून घरी येताना दारूखाना टाळणारी. दुसरी, मुद्दाम तिकडून वळसा घालून येणारी. हा दुसरा प्रकार ओळखायला सोपा. खिशात मोजपट्टी आणि लोहचुंबकाचा तुकडा असतो, आणि घरी बायको त्याच्या हातातली पिशवी आधी बघते, तोंड मग. तात्या यातले अध्वर्यू. गोदीत तेहतीस वर्षं फिटर होते. वाटेत पडलेल्या कुठल्याही धातूला चुंबक लावून बघतात. चिकटला तर लोखंड, पुढे चला. नाही चिकटला की तात्या उकिडवे बसतात.

या वेडाला इतिहास आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोट फुटली. बोटीवर दारूगोळा होता, कापूस होता आणि सोन्याच्या विटा होत्या. ज्या कुणी हे तिन्ही एका बोटीत भरायचं ठरवलं, त्याला नमस्कारच. गोदीपासून मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून सोन्याची वीट येऊन पडली, आणि त्या भल्या माणसाने ती परत केली. आमच्या चाळीच्या अंगणात काय पडलं? कापसाची जळकी गाठ. तात्यांच्या आजोबांनी ती गोष्ट मनाला लावून घेतली आणि तेव्हापासून त्या घराण्यातला प्रत्येक पुरुष खाली बघून चालतो.

‘स्वस्तात मिळालं’ असं तात्या कधी म्हणत नाहीत. ‘किलोवर घेतलं’ म्हणतात. किलोवर घेतलेल्या वस्तूला त्यांच्या लेखी किंमत नसते, नुसतं वजन असतं. त्यामुळे ‘हे कशाला आणलंत?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर आहे : ‘बावीस किलो पितळ आहे.’ यावर पुढे बोलायला समोरच्याला जागा राहत नाही.

जागेचं म्हणाल तर तात्यांची सतरा नंबरची खोली दहा बाय अठरा. तिथे सात माणसं वाढली, तीन लग्नं निघाली. घरातल्या कुठल्याही वस्तूला एक काम करून सुटका नाही. जेवणाचं टेबल भिंतीला उभं केलं की कपाटाचं दार. इस्त्रीची फळी खुंटीला अडकवली की नातवाचं दप्तर ठेवायची जागा. बर्थ तर जहाजावरचाच, साखळीने भिंतीला लटकणारा. पाहुणा जिथे टेकतो त्याच्या खाली तांदळाचा डबा असतो, त्यामुळे कुकर लावायच्या वेळेला पाहुण्याला उठवावं लागतं आणि पाहुणा समजतो, आता निघावं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना इंग्लंडातल्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो बायकोमुलांना घेऊन कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर एका मच्छीमार गावात सुट्टीला गेला होता. मी तेव्हा तात्यांकडेच होतो, तांदळावर बसलो होतो.

‘मामा, आम्ही मोटारहोम घेऊन आलोय. हॉलिडे पार्कमध्ये. हे बघा, हा बेड भिंतीत जातो.’

‘माझाही जातो.’

‘सीटखाली सामान राहतं.’

‘राहणारच.’

‘टॉयलेट तिकडे, मैदानाच्या टोकाला. सगळ्यांना मिळून. पाणी नळावरून कॅनने आणायचं.’

‘रांग असते?’

‘सकाळी असते.’

तात्या जरा वेळ गप्प राहिले. मग आवाज खाली आणून विचारलं, ‘किती घेतात याचे?’

भाच्याने पौंडात आकडा सांगितला. तात्यांनी त्याचे रुपये केले, फोन काकींच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. ‘पोरगा तिकडे पैसे भरून चाळीत राहतोय,’ एवढंच मला म्हणाले. त्या रात्री सतरा नंबरचा दिवा दोनपर्यंत चालू होता.

मला वाचायची खोड. हे चाकावरच्या घराचं खूळ आलं कुठून म्हणून शोधलं, तर ते निघालं आमच्याच मुहूर्तावरचं. ज्यांच्या नावाने आमचं स्टेशन आहे ते लॉर्ड रे १८८५ साली मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. त्याच साली तिकडे नौदलातून निवृत्त झालेल्या गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टराने ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यात स्वतःसाठी दोन घोड्यांचं घर बांधून घेतलं. नाव ‘वाँडरर’. नुसत्या हौसेखातर बांधलेलं हे पहिलं चाकावरचं घर, असं मानतात. डॉक्टर त्याला जमिनीवरची नौका म्हणायचा. त्याने पुस्तकही लिहिलं. गाडीत कुत्रा, काकाकुवा, आणि गाडीच्या पुढे एक नोकर तीनचाकी सायकलवरून. त्याने पुढे जाऊन रस्ता बघायचा, समोरच्यांना बाजूला करायचं.

हे सगळं मी तात्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यातलं त्यांनी एकच उचललं. ‘पुढे माणूस पाहिजेच,’ ते म्हणाले. ‘तू येशील ना?’

शाळेच्या मुलांची ने-आण करून थकलेली एक टेम्पो ट्रॅव्हलर तात्यांनी घेतली. आतल्या बाकांसकट. एक सोडून सगळी बाकं काढून दारूखान्यात विकली, किलोवर, आणि त्या पैशांत दारूखान्यातूनच बाकीचं सामान आणलं. गाडीत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, परवानगी लागते. गाडी तयार व्हायला चार महिने लागले आणि कागद तयार व्हायला अकरा. त्या अकरा महिन्यांवर तात्या एक अक्षर बोलत नाहीत. विचारलं तर फाइल काढून दाखवतात. जाड आहे.

गाडी आतून कशी करायची, याचा त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. सतरा नंबर जशी आहे तशी. खोलीत शिरताना डाव्या हाताला मोरी, तिच्यापुढे ओटा, ओट्यापुढे पाण्याचं पिंप, पिंपाच्या टोकाला देव्हारा. गाडीतही डाव्या हाताला मोरी, ओटा, पिंप, देव्हारा. जहाजाचा बर्थ डावीकडे, कारण खोलीत डावीकडे. आणि ओट्यावर खिडकी हवी म्हणून जहाजाची गोल पितळी खिडकी, तीसुद्धा डावीकडेच. बावीस किलो पितळ.

खिडकी बसली त्या संध्याकाळी गाडी डावीकडे कलली.

दुसऱ्या कुणी खिडकी काढली असती. तात्या गोदीतले. जहाज एका अंगाला कललं तर सामान काढत नाहीत, दुसऱ्या अंगाला भार घालतात. त्यांनी उजव्या बाजूला, बाकाखाली, एक जुना नांगर ठेवला. गाडी सरळ झाली. हा नांगर लक्षात ठेवा.

रंग म्हणाल तर खालचा अर्धा भाग बोटीच्या बुडाला लावतात तसला तांबडा, वरचा अर्धा राखाडी. आतला रंग मात्र शाळेचाच ठेवला. त्यामुळे ड्रायव्हरच्या डोक्यावर ‘चालकाशी बोलू नये’ आणि मोरीच्या वर ‘हात व डोके बाहेर काढू नये’ या सूचना तशाच राहिल्या. चाळीतली पोरं गाडीला ‘व्हॅनिटी’ म्हणू लागली. त्यांच्या लेखी आत स्वयंपाकघर असलेली गाडी एकच, आणि तिच्यातून कुणीतरी नटी उतरायला पाहिजे. उतरायच्या काकी, हातात झारा घेऊन.

जानेवारीत संक्रांत झाली आणि आम्ही हर्णैला निघालो. तात्या, काकी, दहावीत जाणारा नातू आणि पुढचा माणूस म्हणून मी. तात्यांच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये राज्य सरकारचं २०२१ सालचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण होतं. शासन निर्णय छापून जवळ बाळगणाऱ्या माणसांबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल. त्या धोरणात पाणी, वीज, संडास अशा सोयी असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. तात्यांनी त्या ओळींखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं : ‘आमच्याकडे आहे.’

रे रोडहून भाऊचा धक्का म्हणजे घरचं अंगण. तिथून मांडव्याला रो-रो बोट २०२० पासून आहे. पाण्यातून साधारण एकोणीस किलोमीटर आणि तासाभराचा रस्ता. जमिनीवरून गेलात तर शंभरच्या वर. आमची गाडी बोटीत शिरली, पोरांनी चाकांना लाकडी उट्या लावल्या आणि तात्यांनी खाली वाकून उट्या बरोबर लागल्यात का ते तपासलं. मग वर डेकवर उभे राहून मागे मुंबई लहान होताना सगळे बघत होते, तेव्हा तात्या बोटीचे बोल्ट मोजत होते. ‘ही तुटायला आली की मोठा माल निघेल,’ ते नातवाला म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढलं.

मांडव्यापासून हर्णैपर्यंतचा किनारा नकाशात सरळ दिसतो. प्रत्यक्षात दर तासाला एक खाडी आडवी येते. आगरदांड्याहून दिघीला जंगलजेटी, बागमांडल्याहून वेसवीला जंगलजेटी. आणि प्रत्येक गावात रस्ता एवढा अरुंद, की दोन्हीकडच्या पडव्यांमधली माणसं हात लांब करून एकमेकांना तपकीर देतील. अशा गावात शिरताना तात्या हॉर्न दोनदा वाजवायचे. एक गावाला, एक मला. मी उतरायचो आणि पुढे चालायचो. ‘येऊ द्या... येऊ द्या... आंब्याची फांदी, उजवीकडे घ्या... बस्स!’ श्रीवर्धनच्या अलीकडे एक आजी माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, ‘दापोली किती रे?’ मी म्हटलं, आजी, ही एस्टी नाही. त्यांनी गाडीकडे नीट पाहिलं, आतल्या ओट्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘मग लग्नाचं वऱ्हाड का?’

काकी सबंध रस्ता बोलल्या नाहीत. तात्यांनी काही विचारलं की त्या नुसतं डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवायच्या. चालकाशी बोलू नये.

हर्णैला पोचायला रात्रीचे नऊ झाले. बंदराच्या अलीकडे नारळ-पोफळीच्या एका वाडीत मालकाने ‘हॉलिडे पार्क’ अशी पाटी लावली होती. चार गाड्यांची जागा, वीज घ्यायला खांब, एक नळ, वाडीच्या टोकाला संडास-न्हाणीघर. अंधारात दोन गाड्या आधीच उभ्या होत्या, दोन्ही समुद्राकडे तोंड करून. मालक बॅटरी घेऊन पुढे आला आणि तिसरी जागा दाखवली. तात्यांनी त्याला थांबवलं आणि होकायंत्र काढलं.

हे होकायंत्र खरं, जहाजावरचं. काकींची एकच अट होती : देवापुढे बसल्यावर माझं तोंड पूर्वेला पाहिजे. खोली हलत नाही, पण गाडी कुठेही तोंड करते. म्हणून तात्यांनी दारूखान्यातून होकायंत्र आणलं आणि ते बाकावर पक्कं बसवलं. आता थोडं विज्ञान. लोखंडी जहाजावर होकायंत्र बिथरतं, आजूबाजूच्या लोखंडाकडे ओढ घेतं. ती ओढ फेडायला त्याच्या दोन बाजूंना दोन लोखंडी गोळे बसवतात. ही युक्ती लॉर्ड केल्विनची. तात्यांना हे माहीत होतं, त्यांनी दुकानात गोळे मागितलेही होते. पण गोळे आदल्याच आठवड्यात गेले होते, किलोवर. ‘आपली गाडी काय जहाज आहे?’ असं म्हणून तात्या नुसतं यंत्र घेऊन आले. ज्या बाकावर त्यांनी ते बसवलं, त्याच्या खाली काय होतं ते मी मघाशी सांगितलंय.

यंत्राच्या हुकमाने गाडी वीस मिनिटं पुढे-मागे झाली आणि अखेर इतर दोघींना काटकोनात उभी राहिली. सकाळी सात-सव्वासातला काकींनी अंघोळ करून दिवा लावला, हात जोडले, डोळे मिटले. आणि ऊन त्यांच्या डाव्या गालावर आलं.

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, ‘अहो, मी दक्षिणेकडे तोंड करून बसलेय.’

तात्यांनी होकायंत्राच्या काचेवर टिचकी मारली. बाहेर जाऊन सूर्याकडे पाहिलं. आत येऊन पुन्हा टिचकी मारली. ‘थांब,’ म्हणाले, ‘तो अजून नीट वर आलेला नाही.’

मग गाडी वळवावी लागली. शाळेच्या गाडीला मागे घेताना वाजणारी एक धून असते. ती चाल मी इथे सांगत नाही, पण वाडीतले सगळे उठले, कावळेसुद्धा. शेवटी देव्हारा बरोबर लागला. काकी ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्या बावीस किलोच्या गोल खिडकीतून बाहेर पाहिलं. अगदी मधोमध, चौकटीत बसवावा तसा, पार्कचा संडास दिसत होता आणि त्याच्यापुढे टॉवेल खांद्यावर टाकून उभी असलेली दोन माणसं.

‘समुद्र दाखवायला आणलंत ना?’ काकी म्हणाल्या. ‘हे तर मी घरूनही बघते.’

खरं तर काकींचं माहेर दापोली तालुक्यातलंच. समुद्राचं त्यांना अप्रूप असायचं कारण नाही. त्यांच्या भावाचं घर तिथून सहा किलोमीटरवर, चार खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. तो दहाच्या सुमारास चार शहाळी घेऊन आला. गाडीभोवती एक फेरी मारली, तांबड्या रंगाला बोट लावून बघितलं. ‘ताई,’ त्याने हळूच विचारलं, ‘आमचं काय चुकलं? घर असताना तुम्ही रस्त्यावर का राहिलात?’ तात्यांनी त्याला धोरणाचा फोल्डर दाखवला. त्याने तो आदराने हातात धरला आणि परत दिला. ‘आत या,’ तात्या म्हणाले. तो चप्पल काढून पायरीवर चढला, पण आत आम्ही तिघं होतो. चौथ्याला यायचं तर तिसऱ्याने बर्थवर पाय घ्यायचे असतात, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. तो पायरीवरच बसला, शहाळी मांडीवर घेऊन. चार खोल्यांचा माणूस.

दुसऱ्या गाडीत पुण्याचं एक जोडपं होतं, भाड्याच्या कॅराव्हॅनमधून आलेलं. फ्रिज, टीव्ही, गार हवा, सगळं होतं. राहायचं कसं ते ठाऊक नव्हतं. सकाळपासून दोघं एकाच वेळी उभी राहत होती, एकाच वेळी वळत होती आणि एकमेकांच्या कपाळावर आपटत होती. तात्या बाहेर खुर्ची टाकून बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांच्याने राहवेना.

‘एक उभा, एक बसलेला,’ त्यांनी खिडकीतून सांगितलं. ‘लहान घरात तिसरी अवस्था नाही.’

मग शिकवणीच सुरू झाली. ओलं कधी वाळत घालायचं, अंथरूण घालायच्या आधी सगळ्यांनी बाहेर कसं जायचं, भिंतीकडे झोपणाऱ्याने आधी कसं शिरायचं, भांडण झालं तर कुणी गॅलरीत जायचं. ‘गॅलरी नाहीये आमच्याकडे,’ ती मुलगी म्हणाली. ‘मग भांडू नका,’ तात्या म्हणाले. तिने हे सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. ‘काका, तुम्ही किती वर्षं व्हॅनलाइफ करताय?’

‘जन्मापासून.’

‘कुठे राहता?’

‘रे रोड.’

‘ते कुठे आलं?’

हा प्रश्न तात्यांना कुणी विचारू नये. ‘हार्बर लाइन १२ डिसेंबर १९१० ला सुरू झाली,’ ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले. ‘कुर्ला ते रे रोड. पुढे गाडीच नव्हती. व्हीटीला जायला १९२५ उजाडलं. पंधरा वर्षं शेवटचं स्टेशन आमचं.’ मुलगी म्हणाली, ‘हो का!’ पुण्याच्या माणसाला ‘हो का’ म्हणायला लावणं सोपं नाही.

दुपारी चारच्या सुमारास बंदरावर लिलाव. हर्णैला येतात ते त्यासाठीच. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे खोल पाण्यात थांबलेल्या होड्या, आणि पोटापर्यंत पाण्यात शिरून मासळी आणणाऱ्या बैलगाड्या. वाळूवर ढीग पडतात. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी, म्हाकूल. एकेका ढिगाभोवती माणसांचं कडं, मधे उभं राहून कुणीतरी बोली चढवत असतं, आणि कानाला कळायच्या आत माल गेलेलाही असतो. काकींनी खोबरं-कोथिंबिरीचं वाटण तयार ठेवून तात्यांना पाठवलं. मी सोबत होतो, पण पहिल्या पाच मिनिटांतच आमची चुकामूक झाली. सगळी गर्दी ढिगांकडे जात होती आणि तात्या दुरुस्तीला ओढलेल्या होड्यांकडे.

दीड तासाने ते परत आले. खांद्यावर गोणपाट, आणि चेहऱ्यावर ते उकिडवे बसतानाचं तेज. काकींनी पातेलं पुढे केलं. तात्यांनी गोणपाट उघडलं. आत होडीचा पंखा होता. इंजिनाचा, पाण्याखाली फिरतो तो. तीन पाती, त्यातलं एक वाकलेलं.

‘ब्राँझ,’ तात्या म्हणाले. ‘अकरा किलो. चुंबक लावून बघ, चिकटत नाही.’

काकींनी चुंबक लावून बघितला नाही. वाटणावर झाकण ठेवलं, कनवटीचा बटवा चाचपला, आणि चपला घालून निघाल्या. वीस मिनिटांत आल्या. पिशवीत एक सुरमई, बांगड्यांचे दोन वाटे, आणि त्यावर फुकट मिळवलेली मूठभर कोळंबी. तिथल्या बोलीत घासाघीस करताना त्यांचा आवाज आम्हाला वाडीपर्यंत ऐकू आला होता. मुंबईत मी त्यांचा तो आवाज कधी ऐकलेला नाही. बारा वर्षांच्या मुलीचा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या पार्कचं जे व्हायचं ते झालं. दोन नारळांच्या मधे जहाजाच्या दोरखंडाची दांडी लागली आणि तिच्यावर तिन्ही गाड्यांचे कपडे आले. नळाशेजारी पाण्याच्या पाळ्यांचा कागद चिकटला, शासन निर्णयाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलेला. तिसऱ्या गाडीतले कोल्हापूरचे डॉक्टर दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. ते रात्री आमच्या पायरीवर बसून नातवाबरोबर पत्ते पिसत होते. खिडकीतून खिडकीत वाटी गेली, ती रिकामी परत येऊ नये म्हणून तिच्यावर चार भाकऱ्या आल्या. सकाळी संडासापुढच्या रांगेत कुणाचा नंबर कुणी धरला यावरून रीतसर वादही झाला. मालक कोपऱ्यात उभा राहून बघत होता. शांततेसाठी लोक इथे येतात, असं त्याने पाटीवर लिहिलं होतं. ती पाटी त्याने पुसली नाही, पण त्या दिवशी त्याच्या घरचेही आमच्यातच चहाला होते.

तिसऱ्या दिवशी निघालो. पंखा नांगराशेजारी ठेवला, त्यामुळे येताना गाडी उजवीकडे कलत होती. तात्यांनी काकींच्या भावाने दिलेली शहाळी डाव्या बाजूला रचली. ती आम्ही वाटेत पीत आलो, आणि मांडव्यापर्यंत गाडी पुन्हा हळूहळू उजवीकडे गेली.

त्यानंतर व्हॅनिटी कुठे गेलेली नाही. चाळीच्या मागे, भिंतीला उजवं अंग लावून उभी आहे. सकाळी तिच्यात नातवाचा दहावीचा अभ्यास चालतो, कारण एकट्याने बसायला मिळेल अशी दुसरी जागा त्याने आजवर पाहिलेली नाही. दुपारी एक ते चार काकी आत झोपतात. आतून कडी लावून. कडी जहाजाची आहे, पितळी, बाहेरून उघडत नाही. तात्यांना चहा हवा असला तर ते गोल खिडकीवर टकटक करतात आणि थांबतात.

होकायंत्राचे ते दोन गोळे अजून मिळालेले नाहीत. तात्या रोज संध्याकाळी दारूखान्यात एक फेरी मारतात. नारळाएवढे, लोखंडी, बुडाला बोल्टाचं भोक. कुणाच्या घरी दार अडवायला वगैरे ठेवलेले असतील तर कृपा करून कळवा. किलोवर घेतील.